पहाटेचा धडा, रात्रीचा धडा

शाळेला हजेरीपट असतो, घराला नसतो. त्यामुळे शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी शाळा मोजल्या, पंतोजी मोजले, एल्फिन्स्टनच्या काळापासूनचे सरकारी अहवाल चाळले. पण ओटीवर, माजघरात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जे शिक्षण चालत आले त्याची मोजदाद कुणी केली नाही. ती होण्यासारखीही नव्हती. घरात शिकलेल्या मुलाची नोंद उरते ती एखाद्या आत्मचरित्रात, एखाद्या पत्रात, नाहीतर घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात.

टाळेबंदीच्या काळात शाळा घरात आली तेव्हा ‘घर हीच मुलाची पहिली शाळा’ हे वाक्य पुन्हा एकदा सगळीकडे ऐकू येऊ लागले. वाक्य गोड आहे, म्हणून त्याला कुणी प्रश्न विचारत नाही. मला ते ऐकताना एकच साधा प्रश्न पडत असे. ही शाळा भरते किती वाजता? दळण, पाणी, स्वयंपाक, धुणी, सोवळेओवळे, आलेगेले, आजारपण, बाळंतपण यांनी गच्च भरलेल्या घरात मुलाला शिकवण्याचा तास कुठून येतो, आणि तो कुणाच्या वाट्याचा असतो? एकोणिसाव्या शतकातल्या काही मराठी घरांत शिरून या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे. पद्धती काय होत्या हे तर त्यात येईलच. पण वाचत गेलो तसे माझे मत असे होत गेले की, घरच्या शिक्षणात पद्धत ही नंतरची गोष्ट आहे. आधी तास मिळवावा लागतो, आणि जसा तास मिळेल तशी पद्धत घडते.

सर्वांत सोपा तास मुलग्यांचा. तो सगळ्या घराने मान्य केलेला होता. दिवेलागण झाली की हातपाय धुऊन मुले देवापुढे बसत, शुभंकरोति म्हणत, आणि मग आजोबांसमोर परवचा सुरू होई. तिथी, वार, महिने, सत्तावीस नक्षत्रे, साठ संवत्सरे, आणि मग पाढे. पाढे म्हणजे केवळ तीसपर्यंतचे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी अशी अपूर्णांकांची उतरंड त्यात होती. औट म्हणजे साडेतीन. आज ही नावे ऐकून तरुण वाचकांना हसू येईल, पण सोळा आण्यांचा रुपया, चार शेरांची पायली आणि चाळीस शेरांचा मण असलेल्या जगात याच्याइतके कामाचे गणित दुसरे नव्हते. साडेतीन आणे शेर दराने सात शेर जिन्नस घेतला तर किती झाले? औटकीत सातापुढे साडेचोवीस येतात. साडेचोवीस आणे, म्हणजे एक रुपया साडेआठ आणे. कागद नाही, बोरू नाही, उत्तर जिभेवर.

दिवसा हीच मुले पंतोजीकडे जात. ती शाळाही पुष्कळदा कुणाच्या तरी ओसरीवर किंवा देवळात भरे. धूळपाटीवर बारीक धूळ पसरून काडीने अक्षरे गिरवायची, मग बोरूने खर्डे घोटायचे, मोडी वळणावर आणायची. दादोबा पांडुरंगांच्या आत्मचरित्रात त्या काळच्या पंतोजीच्या शाळेचे चित्र आहे, आणि त्यातला शिक्षांचा भाग वाचला की जुन्या शाळांबद्दल हळवे होण्याची सोय राहत नाही. संध्याकाळचा परवचा म्हणजे त्याच शाळेची घरातली उजळणी. दिवसा पंतोजी, संध्याकाळी आजोबा. मुलाची सुटका कुठेच नव्हती. पण त्याचा तास मात्र कुणी हिरावून घेत नव्हते. मुलगा परवचा म्हणत असताना त्याला विहिरीवर पाठवायचे नाही, हा अलिखित नियम होता.

माझी आजी कोकणातल्या एका खेड्यात वाढली. शाळेचे तोंड तिने पाहिले नाही. पण औटकीपर्यंतचे सगळे पाढे तिला येत होते, आणि गवळ्याचा महिन्याचा हिशेब गवळ्याच्या आधी तिचा होत असे. हे आले कुठून, असे एकदा मी विचारले. तिचे भाऊ ओटीवर परवचा म्हणत, तेव्हा ती माजघरात वाती वळत किंवा तांदूळ निवडत बसलेली असे. भिंतीपलीकडून जे कानावर पडले ते पाठ झाले. एवढे असून बँकेच्या कागदावर ती शेवटपर्यंत अंगठा उमटवत राहिली. अक्षर भिंतीपलीकडून ऐकू येत नाही. पाढा कानाने शिकता येतो, हात तांदळात असले तरी चालते. अक्षराला मात्र डोळे लागतात, हात लागतो आणि उजेड लागतो. मुलींचे घरचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या तोंडी का राहिले, याचे कारण आपण परंपरेत शोधतो. मला ते निम्मेअधिक या रिकाम्या नसलेल्या हातांत दिसते.

*

आता एका अशा घराकडे वळू, ज्या घराला धड घरही नव्हते.

अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडच्या भागातले चित्पावन. विद्यार्थिदशेत ते पुण्यात रामचंद्रशास्त्री साठ्यांपाशी शिकत होते. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवत, आणि पेशव्यांच्या वाड्यात एका स्त्रीच्या तोंडून संस्कृत श्लोक ऐकल्यावर या तरुणाच्या मनात जे बसले ते कायमचे. आपली बायकोही अशी शिकली पाहिजे! पहिल्या पत्नीच्या वेळी ते जमले नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते मानवले नाही. ती वारली. चाळिशी ओलांडल्यावर, तीर्थयात्रेत असताना गोदावरीच्या काठी पैठणला एका यात्रेकरू ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना देऊ केली. तीच लक्ष्मीबाई. या वयाच्या अंतराबद्दल आज आपल्याला काय वाटते ते वेगळे सांगायला नको, आणि ते वाटायलाही हवे. पण गोष्ट पुढे वेगळ्याच दिशेने जाते. शास्त्रीबुवांनी या मुलीला संस्कृत शिकवायला घेतले, समाजात गहजब झाला, उडुपीला धर्मसभेपुढे त्यांना आपली बाजू मांडावी लागली. आणि अखेर बायकोला घेऊन ते घाटमाथ्यावरच्या गंगामूळच्या अरण्यात राहायला गेले.

पहिल्या रात्री त्यांना छप्परही नव्हते. दरीच्या पलीकडे वाघ डरकाळ्या फोडत होता, आणि ती पोर पासोडीत स्वतःला गुंडाळून जमिनीवर पडून होती. नवरा उजाडेपर्यंत पहारा करत बसला. रेचल बॉडली या अमेरिकन बाईंनी ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या १८८७ च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत ही हकिगत दिली आहे. आपल्याकडे स्त्रीशिक्षणाच्या इतिहासाची सुरुवात बहुधा सभेतून किंवा वर्तमानपत्रातून सांगितली जाते. एका मुलीला शब्दरूपावली शिकवता यावी म्हणून वाघाच्या शेजाराला जाऊन राहावे लागले, हेही त्या इतिहासातच बसते.

लक्ष्मीबाई शिकल्या, चांगल्या शिकल्या. पुढे अनंतशास्त्री थकले तेव्हा धाकट्या मुलीला शिकवण्याचे काम त्यांच्याकडे आले. ही धाकटी मुलगी म्हणजे २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळला जन्मलेल्या रमाबाई, पुढच्या पंडिता रमाबाई. आपल्या ‘साक्षी’त त्यांनी सांगितले आहे की, आईने साधारण आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत आपल्याला शिकवले, आणि असे शिकवले की पुढे फारशी कुणाची मदत न घेता आपले शिक्षण आपल्याला चालवता यावे. शिकवण्याचा हेतू इतक्या नेमक्या शब्दांत सांगणारे दुसरे वाक्य मला त्या काळात सापडलेले नाही.

हा पाठ होई केव्हा? बॉडलीबाईंच्या सांगण्याप्रमाणे पहाटे. दिवसभर लक्ष्मीबाईंना कामातून डोके वर काढायला सवड नसे. म्हणून उजाडण्याआधी झोपेने जड झालेल्या पोरीला त्या जमिनीवरच्या अंथरुणातून हळूच उचलत, लाडाच्या शब्दांनी जागे करत, आणि अरण्यातल्या पाखरांच्या किलबिलाटात पाठ म्हणून घेत. पुस्तक नव्हते, आईचे ओठ हेच पुस्तक.

चित्र सुंदर आहे, पण इथे थोडे थांबायला हवे. रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच या कुटुंबाने गंगामूळ सोडले होते. आल्यागेल्या यात्रेकरूंच्या आणि विद्यार्थ्यांच्या आदरातिथ्यात कर्ज झाले, ते फेडता येईना. तान्ह्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून एका गड्याच्या डोक्यावरून घाट उतरवला गेला, आणि तेव्हापासून हे कुटुंब तीर्थातून तीर्थात हिंडत राहिले. म्हणजे आठव्या वर्षी सुरू झालेला हा पहाटेचा पाठ गंगामूळच्या आश्रमात झालेला असणे शक्य नाही. तो झाला असेल धर्मशाळेत, देवळाच्या आवारात, नदीच्या घाटावर, वाटेतल्या झाडाखाली. अमेरिकेतल्या वाचकांना अरण्य आणि पाखरे जास्त भावली असतील. मला मात्र ती धर्मशाळा जास्त महत्त्वाची वाटते. वडील देवळात पुराण सांगणार, येणाऱ्या दक्षिणेवर आणि शिध्यावर घर चालणार, आज इथे तर उद्या तिथे. आणि अशा जिण्यात, ज्या बाईला स्वतःची चूलही एका जागी मांडता येत नव्हती, तिने सात वर्षे पहाटेचा तास मोडू दिला नाही.

पद्धत जुनीच होती, संथेची. सांगणाऱ्याने एकदा म्हणायचे, शिकणाऱ्याने दोनदा. आधी शब्दरूपावली, धातुरूपावली, समासचक्र, अमरकोश, अर्थ मागाहून. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत या घोकंपट्टीला चांगले म्हणत नाहीत, आणि अर्थाशिवाय घोकलेल्याचे काय होते हे आपण पाहिलेले आहे. पण हिंडत्या घराला दुसरी कोणती पद्धत परवडली असती? पोथ्यांचे गाठोडे पावसात भिजते, चोरीला जाते. पाठ केलेला अमरकोश कुठेही नेता येतो, त्याला वजन नसते. रमाबाईंना बाराव्या वर्षी भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ होते असे सांगतात. आकडा थोडा कमीजास्त असेल, पण ज्या ग्रंथालयाला भिंती नाहीत ते असेच बांधावे लागते.

पहाटे शिकलेले पक्के राहते, म्हणून ब्राह्ममुहूर्ताची थोरवी आपण ऐकत आलो. तिच्यात तथ्य असेल. तरी याच वेळी गावोगावच्या घरांत काय चालू होते तेही आठवावे. जाती फिरत होती, ओव्या चालल्या होत्या. बाईचा दिवस त्याच घटकेला सुरू होत होता. दळणाआधी किंवा दळणाबरोबर जे काही शिकवता आले तेवढेच तिचे. लक्ष्मीबाईंनी ब्राह्ममुहूर्त निवडला नव्हता. बाकीच्या सगळ्या घटका आधीच दुसऱ्यांच्या नावावर चढलेल्या होत्या.

या शिक्षणाची मर्यादाही रमाबाईंनी लपवलेली नाही. आईवडील धर्मनिष्ठ, बाहेरच्या जगाचा वारा मुलांना लागू नये असे त्यांना वाटे; त्यामुळे संस्कृताखेरीज फारसे काही शिकवले गेले नाही. घरच्या शाळेत मुलाचे जग शिकवणाऱ्याच्या जगाएवढेच असते. १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या दिवसांत वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. उरलेली दोघे भावंडे पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली, आणि तिथल्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. त्या सभेतल्या कुणाला त्या धर्मशाळांतल्या पहाटा दिसल्या असतील असे वाटत नाही. रमाबाई विसरल्या नाहीत. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ त्यांनी आईच्या स्मृतीला अर्पण केले आहे.

*

पहाटेचा तास आईचा, तसा रात्रीचा तास नवऱ्याचा. सुधारकांच्या घरांतले स्त्रीशिक्षण बहुतेक रात्रीच झाले, आणि ज्यांना शिकवले गेले त्या ‘बायका’ म्हणजे वयाने मुलीच होत्या हे आपण विसरतो. आज ज्या वयाला आपण चौथी-पाचवीच्या वर्गात बसवतो त्या वयात त्या सासरी आलेल्या होत्या. त्यांचे शिक्षण म्हणजे लहान मुलांचे घरचे शिक्षणच.

रमाबाई रानडे अकरा वर्षांच्या असताना १८७३ मध्ये पुण्यात रानड्यांच्या घरी आल्या. माधवराव तेव्हा एकतीस वर्षांचे, पहिली पत्नी नुकतीच वारलेली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले, याचा सल त्यांना आणि त्यांच्या मित्रांना राहिलाच. मुलीला लिहितावाचता येत नव्हते. लिहायला शिकलेली बाई विधवा होते, ही समजूत त्या काळी घरोघर होती. माधवरावांनी लगोलग पाटी आणून श्रीगणेशा केला. शिकवायचे रात्री, माडीवर. काही दिवसांत मुळाक्षरे झाली, मग ट्रेनिंग कॉलेजातल्या सगुणाबाई देव शिकवायला येऊ लागल्या.

‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे १९१० मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक बहुतेक वाचकांनी वाचलेले असेल. त्यातला अभ्यासाचा भाग पुन्हा काढून वाचावा, तो दिनक्रम म्हणून वाचावा. माडीवर जे रात्री मिळते त्याची किंमत खाली दिवसा मोजावी लागते. घरात सासू, नणंद, नात्यातल्या आणखी बायका. त्यांचे टोमणे, अबोला, चारचौघींतले हसणे. त्यातल्या काही जणी समजुतीनेही सांगत: त्याने कितीही आग्रह केला तरी तू जरा दुर्लक्ष कर, मग तो आपोआप नाद सोडील. हा सल्ला मला फार बोलका वाटतो. घरच्या शाळेचे कुलूप कुठे आहे हे त्या बायकांना नेमके ठाऊक होते. शाळा बंद पाडायला शिक्षकाला विरोध करावा लागत नाही. शिकणाऱ्या मुलीचा उत्साह विझवला की पुरते.

या बायकांना खलनायिका करण्याची आपल्याकडे सवय आहे. मला ते तितकेसे पटत नाही. एक अकरा वर्षांची मुलगी माडीवर पाटी घेऊन बसते, तेव्हा तिच्या वाटणीचे काम खाली दुसरी कुणी तरी करत असते. शिकण्याचा तास आभाळातून पडत नाही, तो घरातल्याच दुसऱ्या बाईच्या अंगावरून येतो. आणि ती दुसरी बाई बहुधा अशी, जिला स्वतःला असा तास कधी मिळालेला नाही, मिळणारही नाही. माधवरावांनी पत्नीला सांगितले ते सोसण्याचे: उलट बोलू नकोस, सहन कर. सल्ला थोर माणसाचा होता, पण तो त्यांना स्वतःला पाळावा लागणार नव्हता. त्यांचा दिवस कचेरीत जात असे.

पुढे नाशिकला बदली झाली, घर लहान झाले, माणसे कमी झाली, आणि अभ्यास भराभर पुढे सरकला. इंग्रजी तिथे सुरू झाले. पद्धत बदलली नव्हती, शिक्षकही तोच. बदलला तो भोवताल. शिवाय माधवरावांचे डोळे अधू, त्यांना वाचून दाखवायला कुणीतरी लागे. रमाबाईंचे वाचन त्यामुळे घराच्या गरजेत बसले. जे शिक्षण घराच्या उपयोगी पडते त्याला घर तास देते. वाचून दाखवणाऱ्या बायकोला कुणी ‘पुस्तक घेऊन बसली’ असे म्हणू शकत नव्हते. ती नवऱ्याची सेवाच होती!

*

गोपाळराव जोश्यांची गोष्ट याच्या उलट टोकाची, आणि ती सांगताना लेखणी अडखळते.

कल्याणच्या यमुनेला ते लग्नाआधीपासून शिकवत. लग्न झाले तेव्हा ती नऊ वर्षांची, आणि शिक्षण चालू राहील ही त्यांची अटच होती. ती आनंदी झाली. गोपाळराव टपालखात्यात, अलिबाग, कोल्हापूर, भुज, कलकत्ता अशा बदल्या झाल्या, आणि जिथे जातील तिथे शिकवणी बरोबर गेली. माजघरातल्या बायकांचा काच इथे फारसा नव्हता. तासांची चणचण नव्हती. बाकीचे नवरे स्वयंपाक केला नाही म्हणून मारतात, हा अभ्यास सोडून स्वयंपाक केला म्हणून मारतो, असे गोपाळरावांबद्दल म्हटले जाई, आणि आजही ते थोड्याशा कौतुकानेच सांगितले जाते.

अमेरिकेतून आनंदीबाईंनी नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात या शिकवणीचा हिशेब आहे. लाकडाच्या तुकड्याने मारणे, अंगावर खुर्च्या आणि पुस्तके फेकणे, टाकून जाण्याची धमकी. प्रत्येक गोष्टीपुढे आपले तेव्हाचे वय त्यांनी मांडले आहे, आणि ती वये नऊ, दहा, बारा अशी आहेत. त्या लिहितात त्याचा आशय असा की, तुमचे वागणे चांगले होते की वाईट हे ठरवणे कठीण. शेवटी जे साधायचे होते ते पाहता योग्य, पण लहान मुलाच्या मनावर काय परिणाम होतो ते पाहता अयोग्यच म्हणावे लागेल. वैद्यकीचा अभ्यास करणारी विशीच्या आतबाहेरची मुलगी हे लिहिते आहे. घरच्या शिक्षणावर इतका समतोल, आणि म्हणूनच इतका जळजळीत निवाडा मराठीत क्वचितच कुणी दिला असेल.

पंतोजीही मारत होताच. पण पंतोजीची शाळा सुटत असे. शिक्षक, नवरा, पोशिंदा आणि घरधनी हे चारही एकच माणूस असला, की संध्याकाळ होते पण शाळा सुटत नाही, आणि तक्रार घेऊन जायला दुसरे घर उरत नाही. रमाबाई रानड्यांना तास पुरत नव्हता. आनंदीबाईंना तास संपत नव्हता. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, पुण्यात वारल्या.

जोतीराव फुल्यांनीही सावित्रीबाईंना घरीच शिकवले. त्यांचे लग्न १८४० चे. सावित्रीबाई तेव्हा नऊ वर्षांच्या. शेतातल्या मातीत काडीने अक्षरे गिरवून त्या शिकल्या असे लोक सांगतात. त्याला कागदाचा आधार मागू नये, पण शेतावर खपणाऱ्या घरात मोकळा तास मिळेल तर दुपारच्या सावलीतच, एवढे त्या दंतकथेने बरोबर ओळखले आहे. पुढचे शिक्षण जोतीरावांचे मित्र सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर यांच्याकडे झाले. म्हणजे नवऱ्याने सुरुवात करून दिली आणि मग शिकवणे दुसऱ्यांच्या हाती सोपवले. गोपाळरावांना हे का सुचले नाही, असे मनात येते. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली, आणि वर्षभरात या दोघांना वडिलांचे घर सोडावे लागले. घरातला धडा घराबाहेर गेला तो असा.

*

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या, आणि तिथल्या मुक्कामात त्यांनी एक गोष्ट केली जिची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. फिलाडेल्फियात त्या किंडरगार्टनचे शिक्षण घेऊ लागल्या. फ्रोबेलची पद्धत. रंगीत लोकरीचे सहा चेंडू, मग लाकडी गोल, नळकांडे आणि घन, मग आठ तुकड्यांत सुटणारा घन. मुलाने हातात घ्यायचे, फिरवायचे, मोडायचे, जोडायचे. अमरकोश तोंडपाठ असलेली, अठ्ठावीस वर्षांची एक विदुषी परदेशात बसून लोकरीच्या चेंडूने मुलांना कसे शिकवावे ते शिकत होती. मराठी मुलांसाठी सचित्र क्रमिक पुस्तके तयार करण्याची त्यांची धडपडही याच काळातली.

पहाटेच्या संथेवर वाढलेल्या बाईला त्या चेंडूंत काय दिसले असेल? आपल्या आईच्या पद्धतीला त्या कधी नावे ठेवत नाहीत. पण ज्या मुलींसाठी त्या शाळा काढायला निघाल्या होत्या त्या बालविधवा होत्या. त्यांच्या हातांना आजवर फक्त काम मिळाले होते, खेळ मिळाला नव्हता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे. आणि एक नोंद करून ठेवतो: दुसऱ्यांच्या मुलांना शिकवण्याची विद्या आई शिकत होती त्या काळात तिची स्वतःची मुलगी मनोरमा काही काळ आईपासून दूर, इंग्लंडमध्ये वाँटेजच्या भगिनींकडे होती. लक्ष्मीबाईंनी जो पहाटेचा तास रमेला दिला, तो रमेला मनूला रोज देता आला नाही.

यानंतरची पन्नास वर्षे मी भराभर ओलांडतो, कारण ती मुख्यतः शाळांची आहेत आणि शाळांचा इतिहास इतरांनी चांगला लिहिला आहे. भावनगरला गिजुभाई बधेका आणि त्यांच्याबरोबर ताराबाई मोडक यांनी माँटेसरी पद्धत आपल्या मातीत रुजवली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. लहान मुलाला मारू नये, त्याच्या हाताला काम द्यावे, ही गोष्ट मध्यमवर्गीय घरांत हळूहळू पोचली.

तासाचा प्रश्न पुन्हा उघडा पडला तो ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्याकडे. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला बालवाडी काढली, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई स्वतः बालविधवा. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. वारली मुलांसाठी साधने महागडी नकोत म्हणून बिया, शिंपले, पाने, खडे यांतून मोजणे आणि जुळवणे शिकवले जाऊ लागले. साधने झाली, पद्धत झाली, शिकवणाऱ्या बाया तयार झाल्या. पण मुले येईनात. सकाळी शाळा भरण्याच्या वेळी मुलगे गुरांमागे कुरणात गेलेले, आणि मुलींच्या कडेवर धाकटे भावंड. आईबाप मजुरीला गेले की घर चालवायचे ते या सात-आठ वर्षांच्या मुलीने.

मग शाळाच उठून मुलांकडे गेली. वस्तीवर, झोपडीपुढच्या अंगणात बालवाडी भरू लागली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द रुळला. गुरे चरायला सोडली की गुराख्यांना मिळणाऱ्या मोकळ्या वेळात कुरणातच धडे सुरू झाले, ती कुरणशाळा. गाय शेजारच्या रानात घुसली की वर्ग तेवढ्यापुरता मोडायचा. आणि मुलींसाठी एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा शेजारी शेजारी आणली गेली. मुलगी यायची, कडेवरचे मूल पाळणाघरात उतरवायची, आणि दोन्ही हात मोकळे घेऊन पलीकडच्या वर्गात जाऊन बसायची.